लूसी डिसोझा यांचा अर्ज आणि ‘माय ब्रदर… निखिल’

एखादा चित्रपट घडून गेलेल्या घटनेवर उभा राहतो, तेव्हा त्याने त्या घटनेतून काय घेतले याची चर्चा होते. काय टाकून दिले याची चर्चा क्वचितच होते. ओनीर यांचा ‘माय ब्रदर… निखिल’ हा हिंदी चित्रपट २५ मार्च २००५ रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ पूर्णपणे अमलात होते. अशा काळात मुख्य प्रवाहातील ज्ञात नटनटींना घेऊन, समलिंगी नायकाची टवाळी न करता, त्याच्या प्रेमाला आणि मरणाला सारखाच मान देत ही कथा सांगितली गेली, हे श्रेय त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. परंतु या कथेच्या मुळाशी गोव्यातील एका ख्रिस्ती घराचा इतिहास आहे. त्या इतिहासातून चित्रपटापर्यंत येताना एक आई वाटेत मागे राहिली आहे.

तो इतिहास असा. डॉमिनिक डिसोझा हा गोव्यातील तरुण वन्यजीव-संवर्धनाच्या क्षेत्रातील एका जागतिक संस्थेत नोकरीला होता, नाटकांत रस घेत असे आणि स्वेच्छेने रक्तदान करीत असे. रक्ताच्या तपासणीत त्याच्या शरीरात एचआयव्हीचा विषाणू आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापशातील, क्षयरोग्यांसाठी एके काळी वापरात असलेल्या आरोग्यधामात एकटे कोंडले. हे कोंडणे चौसष्ट दिवस चालले. त्याने गुन्हा केलेला नव्हता, आणि विषाणू सोडला तर तो आजारीही नव्हता. ‘गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य अधिनियम, १९८५’ या कायद्याच्या ५३व्या कलमात एड्सविषयी जी तरतूद घातली गेली होती, तिच्यानुसार हे सारे कायदेशीर होते. भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली होती. म्हणजे रोगाची पुरती ओळख होण्याआधीच त्याच्यासाठी कोठडी तयार होती.

या कोठडीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे जो अर्ज गेला, तो डॉमिनिकच्या आईच्या नावाने. ‘लूसी आर. डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ या नावाने तो १९९०च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये नोंदला गेला आहे. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे आनंद ग्रोव्हर वकील होते. डॉमिनिकची सुटका झाली, मात्र कायद्यातील तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. विलगीकरणाने माणसाच्या स्वातंत्र्यावर आघात होतो, त्याची उपजीविका आणि समाजातील स्थान धोक्यात येते, हे न्यायालयाने मान्य केले. आणि तरीही व्यक्तीचा हक्क व सार्वजनिक हित यांत विरोध आला तर पहिल्याने दुसऱ्यापुढे नमते घ्यावे, असा निर्णय दिला. सक्तीचे विलगीकरण पुढे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवण्यात आले, इतकाच काय तो फरक. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द त्या काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येत होता. नर्मदाकाठचे मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्यात जाणारे राज्यातील पहिले गाव. त्याचे नाव १९९४ साली मोठ्या धरणांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला मिळाले. तेथे गाव हटवायचे होते आणि म्हापशाला एक माणूस, पण दोन्हीकडे वापरलेला शब्द एकच होता. हे साम्य फार ताणू नये. मात्र या शब्दापुढे एखादी आई अर्ज घेऊन उभी राहते, तेव्हा ती कोणत्या बळाशी सामना करीत असते, याची कल्पना त्यावरून येते.

डॉमिनिकने पुढे इझाबेल द सांता रीता वाझ या आपल्या नाट्यक्षेत्रातील स्नेही अध्यापिकेच्या सोबतीने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि मे १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या खटल्यात कोणाच्याही लैंगिक कलाचा प्रश्न नव्हता. प्रश्न विषाणूचा आणि कोठडीचा होता. चित्रपटाचा नायक समलिंगी आहे ही चित्रपटाची स्वतःची रचना आहे. निखिल म्हणजे डॉमिनिक नव्हे, हे भान ठेवूनच पुढील तुलना करायची आहे.

चित्रपटातील निखिल कपूर हा गोव्याचा अव्वल जलतरणपटू आहे. पोहणे हे त्याच्यापेक्षा त्याच्या वडिलांचे स्वप्न. रक्ततपासणीचा निकाल येतो आणि संघ, मित्रमंडळी, शेजार एकेक करून त्याच्यापासून दूर सरकतात. सर्वांत आधी दूर होतात ते आईवडील. त्याला पोलीस नेतात, कोंडतात; त्याच्यासाठी धडपड करतात ती बहीण अनामिका आणि त्याचा प्रियकर नायजेल डिकॉस्टा. वडील परततात तेव्हा मुलाचे थोडेच दिवस उरलेले असतात. संजय सुरी, जुही चावला, पूरब कोहली, व्हिक्टर बॅनर्जी आणि लिलेट दुबे यांनी या भूमिका संयतपणे केल्या आहेत. निखिल आणि नायजेल यांचे नाते चित्रपट समजावून सांगत बसत नाही. दोघे एका घरात राहतात, एकमेकांची काळजी घेतात, आणि प्रेक्षकाने ते तसेच स्वीकारावे अशी अपेक्षा धरून कथा पुढे जाते. २००५ साली हे धाडसच होते.

इतिहासात आई न्यायालयात गेली. चित्रपटात आई मुलाला सोडून जाते. हा बदल लहान नाही. पटकथेच्या बाजूने त्याचे समर्थन करता येते. चित्रपटाला संघर्ष हवा असतो, दुरावा हवा असतो, शेवटी भेट हवी असते. पहिल्या दिवसापासून मुलाच्या बाजूने उभी असलेली आई या आराखड्यात बसत नाही. शिवाय समलिंगी मुलाला घर नाकारते हा अनुभव इतका व्यापक आहे की तो सांगणे हेच दिग्दर्शकाला आपले काम वाटले असावे. हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. स्वीकार ही नेहमी नकारानंतर, पश्चात्तापानंतर, बहुधा मरणाच्या उंबरठ्यावर घडणारी गोष्ट आहे, असे या आराखड्याने नकळत ठरवून टाकले. ज्या घरात नकार घडलाच नाही, त्या घराची कथा मग सांगण्याजोगी राहत नाही. लूसी डिसोझा यांची कथा याच कारणाने पडद्यावर आली नाही. त्यांच्या बाबतीत नाट्य घरात घडलेच नाही, ते घर आणि राज्य यांच्यामध्ये घडले.

दुसरा बदल आडनावाचा. डिसोझांचा मुलगा पडद्यावर कपूर झाला. त्याची आई अनिता रोझारिओ कपूर, म्हणजे ख्रिस्ती माहेर असलेली स्त्री, प्रियकर डिकॉस्टा. नायकाचा धर्म काढून घेऊन तो त्याच्या भोवतालच्या माणसांत वाटून टाकला आहे. हिंदी चित्रपटाला ही वाटणी परिचित आहे. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये ब्रगांझांची मुलगी प्रेमपात्र होते, कोळी बाप विनोद आणि उमाळा दोन्ही पुरवतो, पण कथा घडते ती नाथांच्या मुलाची. ख्रिस्ती माणूस या चित्रपटांत उत्कट असतो, गातो, पितो, प्रेम करतो. कथेच्या केंद्रस्थानी मात्र उत्तरेकडचे हिंदू आडनाव लागते, कारण तेच ‘सर्वांचे’ मानले जाते. समलिंगी नायक हाच प्रेक्षकाला जड जाईल, त्यात तो अल्पसंख्य धर्माचाही कशाला, असा व्यावहारिक विचार यामागे असू शकेल. त्या विचाराची किंमत अशी की गोव्याच्या भूमीवर घडणाऱ्या या कथेत श्रद्धेचा प्रश्न उघडपणे विचारलाच जात नाही. चर्चचे शिखर दिसते त्या प्रदेशात पाप आणि क्षमा यांविषयी कोणी काही बोलत नाही.

तरीही श्रद्धा या चित्रपटातून गेलेली नाही. आशयातून बाहेर पडलेली ही गोष्ट रूपबंधातून परत आली आहे, आणि चित्रपटाचे खरे वेगळेपण येथे आहे. सगळी कथा साक्षींतून उलगडते. निखिलच्या मागे राहिलेली माणसे कॅमेऱ्याकडे पाहून एकेकटी बोलतात. बहीण बोलते, प्रियकर बोलतो, आईवडील बोलतात. त्यांना प्रश्न विचारणारा दिसत नाही. ती कोणाशी बोलत आहेत हे सांगितले जात नाही. ख्रिस्ती मराठीत ‘साक्ष देणे’ या शब्दाला एक विशेष अर्थ आहे. आपल्या आयुष्यात काय घडले ते मंडळीपुढे उभे राहून सांगणे, असा तो अर्थ. कॅथलिक परंपरेत याच्या जोडीला पापनिवेदनाचा संस्कार आहे, ज्याला कोंकणीत ‘कुमसार’ म्हणतात. जाळीपलीकडचा ऐकणारा दिसत नाही, बोलणारा मात्र स्वतःविषयी बोलतो. ‘निखिल’मधील आईवडिलांच्या मुलाखती या कुमसाराच्या जवळ जाणाऱ्या आहेत. रूढ दृष्टीने पापी ठरतो तो समलिंगी, रोगग्रस्त मुलगा. कबुली त्याने द्यायची. येथे त्याच्यावर तशी वेळच येत नाही. कबुली देतात ते त्याला टाकून गेलेले लोक. जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे बदलली आहेत. धर्मशास्त्राची एक ओळही न उच्चारता चित्रपटाने पाप कोणाचे या प्रश्नाचे उत्तर बदलून टाकले आहे.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखलाही असाच उलटलेला दिसतो. दाखल्यातला मुलगा दूरदेशी जातो, सारे उधळतो आणि परततो; बाप त्याला दुरून पाहून धावत जातो. चित्रपटात मुलगा कुठेही गेलेला नाही. दूरदेशी जातो तो बाप. परतीचा रस्ता, लाज, दारात उभे राहून वाट पाहणे, हे सारे बापाच्या वाट्याला येते, आणि क्षमा करण्याचा अधिकार मुलाकडे जातो. दाखल्यातला थोरला भाऊ मेजवानीला यायला नकार देत बाहेर अडून राहतो; येथील भावंड आरंभापासून घरात आहे. हे दिग्दर्शकाला अभिप्रेत होते काय, हा प्रश्न समीक्षेला अडवणारा नाही. गोव्यासारख्या प्रदेशात चार शतकांहून अधिक काळ ऐकवला गेलेला दाखला कथेच्या अंगात भिनलेला असणे स्वाभाविक आहे.

अमेरिकेत याच विषयावर जे चित्रपट निघाले त्यांच्याशी ताडून पाहिले की हा फरक ठळक होतो. ‘प्रेअर्स फॉर बॉबी’ (२००९) हा दूरचित्रवाणीवरील चित्रपट मेरी ग्रिफिथ या श्रद्धाळू आईची सत्यकथा सांगतो. समलिंगी मुलाला बायबलच्या वचनांनी ‘बरे’ करण्याचा ती प्रयत्न करते, १९८३ मध्ये मुलगा आत्महत्या करतो, आणि मग ती वचने पुन्हा वाचत ती आपल्याच श्रद्धेची चिकित्सा करते. तेथे वाद वचनांचा आहे, कारण त्या प्रॉटेस्टंट वातावरणात श्रद्धा म्हणजे मुख्यतः ग्रंथाचे वाचन. गोव्याच्या कॅथलिक घरात श्रद्धा अशी वादाला बसत नाही. ती सण, मिस्सा, शेजार आणि आडनाव यांत मुरलेली असते. त्यामुळे तेथील नकारही वचनांतून येत नाही. तो दार लावून घेण्यातून येतो. चित्रपटाने हे अचूक पकडले आहे.

मराठी समीक्षेने या हिंदी चित्रपटाकडे पाहावे याला कारण आहे. गोव्यातील ख्रिस्ती जाणिवेचा पहिला मोठा ग्रंथ मराठीत आहे: फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली राचोल येथे छापलेले. पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती साहित्याने स्वीकाराचा प्रश्न घराच्या आतून मांडला. त्या काळी घराला न पेलणारी गोष्ट होती ती धर्मांतराची. रेव्ह. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या वर्षांत एक बाई नवऱ्यावरील माया आणि आपला धर्म यांच्यामध्ये उभी होती. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास वादविवादाने पुढे सरकत नाही. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, जेवायला कोणाशेजारी बसायचे, अशा रोजच्या गोष्टींतून तो सरकतो. ज्याला घराबाहेर काढले त्याच्याशी पुन्हा एका ताटात जेवणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंइतके थेट मराठीत थोड्यांनीच लिहिले आहे. त्या परंपरेत ख्रिस्ती माणूस हाच घरातून वजा झालेला माणूस होता. शतकभराने त्याच ख्रिस्ती घराला आपल्यातल्या वजा केलेल्या माणसाकडे पाहावे लागले.

आधुनिक मराठी रंगभूमीने समलिंगी व्यक्तीला केंद्रस्थानी आणले ते १९८१ साली, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये. विनय आपटे यांनी बसवलेल्या या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव उभी केली. तेथेही कथा साक्षीदार सांगतो. बापू हा मित्र तिच्या शेवटापर्यंतचे सारे आठवत राहतो. पण बापूची साक्ष अपुरी पडते, हे नाटकालाही ठाऊक आहे. तो होता, पाहत होता, आणि पुरेसा उपयोगी पडला नाही. मित्राच्या घरून कोणी साक्षीला येत नाही. धर्माचा उल्लेख नाही. आहे तो निसर्ग, समाज आणि एकटेपणा. ‘निखिल’ला बापूच्या जागी चार-पाच साक्षीदार मिळाले, हा मधल्या चोवीस वर्षांतला फरक म्हणता येईल. शेवट मात्र मरणातच होतो. पुढे ‘अलिगढ’ (२०१५) मध्येही तेच. मराठीचे प्राध्यापक आणि कवी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांना विद्यापीठाने फेब्रुवारी २०१० मध्ये निलंबित केले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते घरी मृतावस्थेत सापडले. मराठी विभागांनी या माणसाच्या कवितेविषयी आजवर फारसे लिहिलेले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

मरणाच्या वाटेने येणारा स्वीकार हा केवळ कलावंतांचा हट्ट नाही. इतिहासाचीही तीच वाट होती. भारतात समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न न्यायालयात पोहोचला तो विषाणूच्या आधाराने. कलम ३७७ एड्स-प्रतिबंधाच्या कामात आड येते, हा ‘नाझ फाउंडेशन’च्या २००१ सालच्या याचिकेतील एक प्रमुख मुद्दा होता. तिच्यामागेही ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ होते, आणि १९८९ मध्ये पणजीला लूसी डिसोझा यांच्यासाठी उभे राहिलेले आनंद ग्रोव्हरच तेथे उभे होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलम मर्यादित केले, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा पूर्ववत केले. गोव्याच्या संदर्भात एक बारीक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: हे इंग्रजी कलम गोव्यात आले तेच मुळी १९६१च्या मुक्तीनंतर. त्याआधीच्या शतकांत तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन होते, जे १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, चालले, आणि पुरुषांमधील संबंध हा त्याच्याही कक्षेतला गुन्हा होता. एका राजवटीत चर्चच्या हातची शिक्षा, दुसरीत निधर्मी राज्याच्या हातची.

ख्रिस्तसभेची भूमिका या काळात जागच्या जागी राहिली नाही, तशी ती फार दूरही गेली नाही. १ ऑक्टोबर १९८६च्या रोमच्या पत्रात समलिंगी कलाला सदोष म्हटले होते आणि त्याच पत्रात अशा व्यक्तींवरील हिंसेचा धिक्कारही केला होता. २०१३च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन महाधर्मगुरू कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी व्यक्तींना कॅथलिक ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही, अशी भूमिका जाहीरपणे घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना दिली; विवाहाची व्याख्या बदलली नाही. गुन्हा नव्हे, पण विवाहही नव्हे. आशीर्वाद, पण विधीबाहेर. नायजेल डिकॉस्टा आज जिवंत माणूस असता तर त्याला या दोन ओळींच्या मधल्या जागेत राहावे लागले असते. चित्रपटाने त्याला निदान एक पूर्ण वेळेची भूमिका दिली आहे: शुश्रूषा करणाऱ्याची. विधवेला मिळतो तो शोकाचा अधिकारही त्याला प्रेक्षक देतात, घर देते. निखिलचे आडनाव बदलताना जे गेले, त्यातला काही भाग नायजेलच्या रूपाने उरला आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

आईचा आवाज मात्र हिंदी पडद्याने गमावला तो मराठी नाटकाने वेगळ्या घरातून परत आणला. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री संहितेत समलिंगी मुलाची रोजनिशी हाती आलेली आई एकटी बोलते. मोना आंबेगावकर यांनी तिचे हिंदीतून अनेक प्रयोग केले आहेत. घर हिंदू, वस्ती मुंबईची, आणि नाटकभर दुसरा कोणी बोलायला नाही. ही आई आधी हादरते, मग समजून घेते. म्हणजे येथेही आरंभ नकाराच्या जवळपासच होतो. पण तिला आपले म्हणणे सांगायला मुलाचे मरण लागत नाही. लूसी डिसोझा यांनी न्यायालयाच्या भाषेत जे मागितले, ते ही बाई घरच्या भाषेत मागते. अर्जाची भाषा वकिलांची असते, तीत आईचे दुःख कलमांच्या क्रमांकांत बसवावे लागते; त्या भाषेमागची बाई कशी बोलली असेल याचा अंदाज करायचा तर पणजीच्या निकालपत्रापेक्षा ही छोटी संहिता अधिक उपयोगी पडते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ साली संमत झालेला एचआयव्ही-एड्सविषयक केंद्रीय कायदा अमलात आला. बाधित व्यक्तीला वेगळे काढणे वा कोंडणे ही त्यात भेदभावाची एक रीत म्हणून प्रतिबंधित आहे. पणजीला जो अर्ज पूर्णपणे मान्य झाला नव्हता, त्यातील मागणी अशा रीतीने एकोणतीस वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आली. विधी महाविद्यालयांत तो खटला अजून आईच्या नावाने शिकवला जातो. चित्रपटाच्या नावात भाऊ आहे.